कुणाला कुठला शब्द

कपबश्यांच्या त्या कारखान्यात मानपत्रे हे कुणाचं खरं आडनाव नव्हतं. स्टोअरमधल्या एका कारकुनाला लोकांनी ते चिकटवलं होतं, आणि सव्वीस वर्षांत ते इतकं घट्ट बसलं की पोस्टमनसुद्धा फाटकावर त्याच नावाने चौकशी करायचा. कारकुनालाही त्याचं वाईट वाटत नसे. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर क्षणभर त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

कारखान्याची पद्धत अशी, की महिन्यात जेवढी माणसं निवृत्त होतील त्या सगळ्यांना शेवटच्या दिवशी एकाच कार्यक्रमात निरोप द्यायचा. निवृत्त होणारा अधिकारी असेल तर त्याला काचेच्या चौकटीतलं मानपत्र, आणि ते माइकवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. कामगार असेल तर एक छापील निरोपपत्र, नावाची आणि विभागाची जागा कोरी ठेवलेलं. मानपत्रं आमचे मानपत्रे लिहीत. निरोपपत्राचा मजकूरही वीस वर्षांपूर्वी त्यांनीच करून दिला होता, आणि कोऱ्या जागेत नाव भरायचं कामही त्यांच्याकडेच होतं, कारण अक्षर मोत्यासारखं.

त्यांच्या टेबलाच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. कुणाला कुठला शब्द द्यायचा ते तिच्यात लिहिलेलं. ‘परिश्रम’ अधिकाऱ्यांना, आणि तेही नुसते नाहीत, अथक. फोरमन, सुपरवायझर यांना ‘मेहनत’. खरेदी विभागातल्या मंडळींना ‘खटपट’ द्यायची फार इच्छा व्हायची, पण खटपट म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, म्हणून त्यांना ‘तत्परता’. टायपिस्ट आणि हिशेबनीस यांचं काम ‘चोख’. आणि माती मळता मळता, भट्टीपुढे उभं राहून ज्यांची हाडं झिजली, त्या सगळ्यांना मिळून ‘कष्ट’. छापील कागदावर ते पक्कंच होतं: ‘आपल्या कष्टाळू व प्रामाणिक सेवेबद्दल’. राबणं, खस्ता खाणं, हाडाची काडं करणं, रक्ताचं पाणी करणं, हे शब्द त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले होते आणि त्यांच्यावर तिरकी काट मारली होती. ते खरे होते, म्हणून कार्यक्रमात चालत नसत.

एकदा डबा खाताना कुणीतरी विचारलं, “मानपत्रे, परिश्रम आणि कष्ट यांत फरक काय हो?”

“परिश्रमाला खुर्ची लागते,” मानपत्रे म्हणाले.

हशा पिकला. मानपत्र्यांना स्वतःलाही ते इतकं आवडलं की आठवडाभर त्यांनी ते भेटेल त्याला ऐकवलं. आपण हे हसण्यावारी नेलं, आणि वही तशीच चालू ठेवली, हे मात्र त्यांच्या मनाला शिवलं नाही.

त्यांची बायको त्याच कारखान्यात, किनारीच्या विभागात होती. कपाच्या काठाला जी निळी बारीक रेघ असते, ती मारायचं तिचं काम. खाली फिरती चकती, तिच्यावर कप. डाव्या हाताने चकती फिरवायची, उजवा हात लाकडी पट्टीवर टेकवून ठेवायचा आणि चार केसांचा कुंचला काठाला नुसता लावायचा. हात हलवायचा नाही, कप आपणहून फिरतो. कसोटी असते ती रेघ जिथून निघाली तिथे परत येते तेव्हा. शेवट सुरुवातीवर चढला तर गाठ दिसते, अलीकडे राहिला तर फट दिसते. हा सांधा लपवता आला तर कप पुढे जातो, नाहीतर बाजूच्या टोपलीत. एकतीस वर्षं ती रोज चारशे कप करत होती, आणि तिच्या टोपलीत दिवसाला दोन कप पडले तर विभागात तिची तब्येत विचारायला लोक यायचे.

घरी असाच एक कप होता. काठाला बुडबुडा आला म्हणून टाकून दिलेला, तिने सुरुवातीच्या वर्षांत आणलेला. मानपत्रे त्यातच चहा घेत, आणि चहा संपला की कप उजेडाकडे धरून रेघेचा सांधा शोधत. लग्नानंतरचा तो त्यांचा खेळच होता. सांधा त्यांना कधी सापडला नाही. “हरलो बुवा,” असं म्हणून ते कप खाली ठेवायचे, आणि ती काही न बोलता तो विसळायला न्यायची.

तिच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले तेव्हा ती एका संध्याकाळी म्हणाली, “अहो, एक सांगू? मला तो छापील कागद नको.”

“मग?”

“माझ्यावर तुम्ही लिहा. नीट. साहेब लोकांवर लिहिता तसं. आत्तापर्यंत काही मागितलंय मी?”

तिने खरंच काही मागितलं नव्हतं. मानपत्रे दुसऱ्या दिवशी कामगार अधिकाऱ्याकडे गेले. हा अधिकारी वयाने त्यांच्या मुलाएवढा, पण खुर्चीत साहेब होता. तो हसला, म्हणाला, “बाईंसाठी? लिहा की. तुमच्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही? फक्त आधी मला दाखवा.” मानपत्रे हवेत तरंगतच घरी आले. तिने दुसऱ्या दिवशी विभागातल्या बायकांना सांगून टाकलं की माझं मानपत्र आमच्या ह्यांनी लिहायला घेतलंय. बायकांनी तिला आठवडाभर ‘बाईसाहेब’ म्हणून छळलं, आणि तिला ते छळणं गोड वाटलं.

आणि मग मानपत्रे अडले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. वहीतला एकही शब्द बसेना.

“तुझ्या कामाला काय म्हणू?” त्यांनी विचारलं. “कष्ट?”

“कष्ट कसले? कष्ट माती मळणाऱ्यांना. मी बसूनच असते.”

“मेहनत मग.”

“मेहनत हमालही करतो, पैलवानही करतो. जोर लावला तर माझी रेघ जाड होते.”

“परिश्रम?”

ती हसली. “परिश्रमाला खुर्ची लागते म्हणालात ना? माझं स्टूल आहे.”

ते रोज संध्याकाळी तिला समोर बसवून विचारू लागले. श्वास कधी घेतेस? कप फिरायला लागायच्या आधी, ती म्हणाली, आणि रेघ मिटली की सोडते. डोळे कुठे असतात? कुंचल्यावर नाही, कुंचल्याच्या पुढे, रेघ अजून जिथे आलेली नाही तिथे. घाई झाली तर? तर मी उठून पाणी पिऊन येते, घाईत कप हातात धरत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. ती सांगत होती, ते लिहीत होते, आणि तिचा उजवा अंगठा आतल्या बाजूला वळलेला आहे हे त्यांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. ‘काळजीपूर्वक’ लिहिलं आणि खोडलं. तो शब्द औषधाच्या बाटलीवरचा वाटला. ‘काटेकोर’ लिहिलं, पण त्याला माया नव्हती. ‘मन लावून’ त्यांनी शाळेतल्या पोरांच्या प्रगतिपुस्तकात इतक्या वेळा वाचलं होतं की तो गुळगुळीत झाला होता.

एका संध्याकाळी ती भाजी निवडत होती. एकेक पान उलटून पाहून बाजूला ठेवत होती, आणि मानपत्र्यांच्या तोंडून आपसूक निघालं, “निगुतीनं.”

ती थांबली. “काय म्हणालात?”

“निगुतीनं. निगुतीनं केलेलं काम.”

तिने शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला. “माझी आई म्हणायची असं. हो. हा चालेल.” आणि पुन्हा पानं निवडायला लागली. पण तिचा चेहरा उजळला होता. आपल्याला बायको खूश करता आली याचा मानपत्र्यांना आनंद झाला, आणि चांगला शब्द सापडला याचा त्याहून जास्त झाला. हे दुसरं त्यांनी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही.

मानपत्र तयार झालं. त्यात असं होतं: ‘या हातांना घाई कधी ठाऊक नव्हती. श्वास रोखून, डोळ्यांत तेल घालून, निगुतीने रेखलेल्या आपल्या कपात आरंभ कुठला आणि अखेर कुठली, हा सांधा शोधूनही सापडत नाही.’ आणखी दहा ओळी होत्या, पण या ओळी लिहिल्यावर मानपत्रे उठून घरभर फिरून आले. असं त्यांना आयुष्यात लिहिता आलं नव्हतं. त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. तिने पदार्थ चाखून पाहावा तसं ऐकलं आणि म्हणाली, “पुन्हा वाचा.”

त्याच महिन्यात उत्पादनाचे मोठे साहेबही निवृत्त होत होते. त्यांचंही मानपत्र मानपत्र्यांनी केलं होतं, वही समोर ठेवून, अर्ध्या तासात. दोन्ही कागद घेऊन ते कामगार अधिकाऱ्याकडे गेले.

अधिकाऱ्याने मोठ्या साहेबांचं आधी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “अथक परिश्रम, दूरदृष्टी, कुशल नेतृत्व. मानपत्रे, हे मागच्या तिघांनाही होतं. साहेब तिन्ही कार्यक्रमांना हजर होते. त्यांच्या लक्षात नाही का येणार?” मग त्याने दुसरा कागद उचलला. वाचता वाचता तो खुर्चीत सरळ बसला. “हे काय आहे? हे कुणाचं?”

“आमच्या घरचं. म्हणजे हिचं.”

“अहो, हे किती सुरेख आहे.” त्याने तो परिच्छेद मोठ्याने वाचला. त्याचा आवाज चांगला होता. आपलीच वाक्यं त्या आवाजात ऐकताना मानपत्रे ती ओठांतल्या ओठांत बरोबर म्हणू लागले. “हे साहेबांना द्या. कपाच्या जागी कारखाना घातलं की झालं. ‘निगुतीने चालवलेल्या कारखान्यात.’ वा.”

“पण हे हिच्या...”

“बाईंना छापील देऊ आपलं. तसंही एका दिवशी दोन मानपत्रं, एक साहेबांचं आणि एक किनारीवालीचं, बरं दिसतं का? तुम्हीच सांगा. हे हॉलभर लोक ऐकतील, मानपत्रे. संचालक येणार आहेत. शेवटी कामगारांची नावं पुकारतो तेव्हा कोण थांबतं? सगळे चहाकडे पळतात.”

मानपत्र्यांनी आजवर किती वेळा ओठांवरचा नकार गिळला होता त्याची गणती नव्हती. पण हा गिळायला काहीच त्रास पडला नाही, हे त्यांना जिना उतरताना जाणवलं. आपला नाइलाज झाला असं ते मनाशी घोकत होते, आणि त्याच वेळी ‘कप’ खोडून ‘कारखाना’ घातल्यावर वाक्याचा तोल राहतो का, हेही पाहत होते. तोल राहत होता. ‘हात’ तसेच ठेवले.

घरी त्यांनी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणता म्हणता आठ दिवस गेले. शेवटच्या दिवशी सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून आरशासमोर उभी होती. “चौकट भिंतीवर कुठे लावायची?” तिने विचारलं. मानपत्रे म्हणाले, “बघू,” आणि बूट घालायला बसले. तिचं नाव त्यांनी आदल्याच दिवशी छापील कागदावर भरलं होतं. फार सुंदर अक्षरात.

हॉल भरला होता. ती चौथ्या रांगेत, किनारीच्या बायकांमध्ये बसली. मानपत्रे दाराजवळ भिंतीला टेकून उभे राहिले, पॅकिंगच्या बायकांच्या मागे. माइक दर वेळी खरखरायचा, आजही खरखरेल, मागे काही ऐकू जाणार नाही, अशी त्यांना आशा होती. पण संचालक येणार म्हणून नवा माइक आणला होता.

कामगार अधिकारी उभा राहिला आणि मोठ्या साहेबांचं मानपत्र वाचू लागला. ‘या हातांना घाई कधी ठाऊक नव्हती’, इथपर्यंत ती मांडीवरच्या रुमालाच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले. ‘श्वास रोखून, डोळ्यांत तेल घालून...’

पॅकिंगमधली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, “साहेब श्वास कधी रोखायचे गं?”

“भट्टीजवळून जाताना. रुमाल लावून.”

दोघी खाली मान घालून हसल्या. ‘निगुतीने’ हा शब्द आला तेव्हा चौथ्या रांगेत तिने मान वर केली. तिने व्यासपीठाकडे पाहिलं नाही. मागे वळून दारापर्यंत नजर फिरवली, मानपत्रे सापडले, आणि वाक्य संपेपर्यंत ती त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी बुटाच्या टोकाकडे पाहिलं. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या आजवर त्यांच्या कुठल्याच मानपत्राला पडल्या नव्हत्या, आणि लाज वाटत असतानाही त्यांनी त्या ऐकल्या, मनापासून ऐकल्या. मोठ्या साहेबांनी रुमालाने डोळे पुसले.

मग कामगारांची नावं पुकारली गेली. निम्मा हॉल चहाकडे गेला होता. तिचं नाव तिसरं होतं. ती गेली, कागद घेतला, वाचला. चार ओळींचाच होता. वाचून तिने त्याची नीट चौकोनी घडी केली आणि खाली आली. किनारीच्या बायका तिच्याशी एकदम वेगळंच काहीतरी बोलायला लागल्या, बस किती वाजता आहे वगैरे. मानपत्राचं कुणी विचारलं नाही. बाईसाहेबही म्हणालं नाही कुणी.

बाहेर पडताना कामगार अधिकाऱ्याने मानपत्र्यांच्या पाठीवर थाप मारली. “कमाल केलीत. संचालकांनी विचारलं कुणी लिहिलंय म्हणून. हे आपण आता छापूनच ठेवू. नावाची जागा कोरी. पुढच्या सगळ्या अधिकाऱ्यांना चालेल.”

घरी आल्यावर तिने कपडे बदलले, चहा टाकला, मानपत्र्यांच्या कपात त्यांना दिला, स्वतःचा घेऊन समोर बसली.

“माइक चांगला होता आज,” ती म्हणाली.

“अगं, त्यांनी मागितलं. मी काय करणार होतो?”

“मागितलं. हिसकावून नाही ना घेतलं?”

“साहेब माणूस. नाही कसं म्हणायचं?”

“म्हणाला असतात तर काय केलं असतं त्यांनी?”

मानपत्र्यांनी विचार केला. नोकरीला वर्ष उरलं होतं, बदली होण्यासारखी जागाच नव्हती, आणि त्यांच्यावाचून त्या कारखान्यात धड चार ओळी लिहिणारं कुणी नव्हतं.

“काही नाही,” ते म्हणाले.

“मग?”

खोटं बोलायची त्यांना सवय होती, पण ती कागदावरची. “सगळ्यांनी ऐकावं असं वाटलं.”

“माझं काम?”

चहावर साय धरली.

“मी लिहिलेलं,” ते म्हणाले.

तिने मान हलवली, एखादा कप टोपलीत टाकताना हलवायची तशी. त्यात राग नव्हता. राग असता तर मानपत्र्यांना बरं वाटलं असतं, रागावर त्यांच्याकडे शब्द होते.

“त्यात म्हटलंत, सांधा शोधूनही सापडत नाही.”

“नाहीच सापडत.”

“आणा इकडे.”

तिने त्यांच्या हातून कप घेतला, उरलेला चहा ओतून आली, पुसला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. वाकड्या अंगठ्याचं नख काठावर ठेवलं, कपाच्या कानाच्या बरोब्बर वर. “इथं बघा.”

मानपत्र्यांनी पाहिलं. निळी रेघ तिथे केसभर गडद होती. एवढीच. पण होती.

“प्रत्येक कपाला असतो,” ती म्हणाली. “सांधा नसलेली रेघ कुणाला मारता येत नाही. मी कानावर धरायचे. तिथं पिणाऱ्याचं तोंड लागत नाही, म्हणून कुणी बघत नाही. किनारीत कुणालाही विचारा, पोरीसुद्धा सांगतील.”

“आणि मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही शोधत होतात ना,” ती म्हणाली. “माझं काम रोज उजेडात धरून बघणारं माणूस होतं एक. मला बरं वाटायचं.”

तिने कप विसळला, फळीवर पालथा ठेवला आणि हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याला फक्त त्यांनाच जायचं होतं. तिने चहा दिला, नेहमीच्याच कपात. त्यांनी तो संपवला, सवयीने उजेडाकडे धरला, आणि सांधा लगेच दिसला. बाकी काही दिसेनाच. ‘हरलो बुवा’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण ती समोर नव्हती. ती आत जाऊन पडली होती, भिंतीकडे तोंड करून, कामाच्या दिवशी कधी पडली नव्हती तशी.